किनाऱ्यावरचे घर आणि हरवलेली ओटी

मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध माणसांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही धर्मग्रामात फिरत होतो. नव्वदीच्या घरातील एक आजी तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत पडून होत्या. सकाळपासून वीज गेली होती. खोली नवी, फरशी चकचकीत, खिडकीला सरकती काच, भिंतीवर वातानुकूलन यंत्र. पण ते बंद. प्रार्थना आटोपल्यावर आजींनी आमचा हात धरला आणि म्हणाल्या, “फादर, पोराला सांगा, मला खाली ओटीवर नेऊन ठेव म्हणावं. इथं जीव घुसमटतो.” मुलगा दारात मान खाली घालून उभा होता. ओटी उरलीच नव्हती. जुने कौलारू घर पाडून ही इमारत उभी राहिली आणि जिथे ओटी होती तिथे आता दोन मोटारी उभ्या असतात. मुलाने घर बांधले ते आईच्या सुखासाठीच, आणि तेही कर्ज काढून. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. तो का नाही, हे लेखाच्या शेवटी सांगू.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीना. आपल्या वाडवडिलांनी या दमट किनाऱ्यावर विजेशिवाय शतकानुशतके संसार केले, ते केवळ सोशिक होते म्हणून, की त्यांच्या घरांमागे काही विचार होता? जितके वाचले आणि जितके पाहिले, त्यावरून विचार होता असेच म्हणावे लागते. आणि त्या विचाराला इतिहासही आहे. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हवेचा स्वभाव

घर समजून घ्यायचे तर आधी हवा समजून घ्यावी लागते. माणसाचे शरीर घाम वाळल्याने थंड होते. विदर्भात उन्हाळ्याची हवा कोरडी असते. तिथे घाम चटकन वाळतो, वाळ्याचा ओला पडदा किंवा कूलर खोली गार करतो. किनाऱ्यावर हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घाम अंगावरच राहतो, आणि कूलर लावला तर खोलीतील ओल तेवढी वाढते. इथे उपाय एकच, तो म्हणजे अंगावरून वारा वाहता ठेवणे. सेकंदाला एक मीटर इतका मंद वारा असला तरी माणसाला हवा दोन-तीन अंशांनी थंड भासते. तापमापकातील पारा मात्र जागचा हलत नाही.

दुसरा भेद रात्रीचा. देशावर दिवस तापतो आणि रात्र निवते. म्हणून तिकडच्या वाड्यांच्या जाड भिंती शहाणपणाच्या ठरल्या. दिवसाची उष्णता त्या पोटात धरतात आणि गार रात्री सोडून देतात. किनाऱ्यावर दिवस आणि रात्र यांच्या उष्णतेत अंतर थोडे. उन्हात तापलेली जाड भिंत किंवा उघडा स्लॅब इथे रात्रभर खोलीतच ऊब ओतत राहतो. म्हणून किनाऱ्याचे घर सावलीतले, हलक्या छपराचे आणि आरपार वाऱ्याचे असावे लागते.

तिसरी गोष्ट सूर्याची. वसई उत्तर अक्षांशाच्या १९ अंशांच्या किंचित वर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. उन्हाचा सर्वांत मोठा मारा त्यामुळे छपरावर होतो. उत्तर आणि दक्षिणेच्या भिंती थोड्याशा पुढे आलेल्या छपरानेही सावलीत राहतात. पश्चिमेचे तसे नाही. तिसऱ्या प्रहरी तिरपे ऊन छज्जाखालून सरळ घरात शिरते. समुद्रावरचा वाराही त्याच वेळी पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. आणि मृगानंतर पाऊस झोडपतो तोही नैऋत्येकडून. वारा हवा, ऊन नको, पाऊस नको. आणि तिन्ही येणार घराच्या एकाच बाजूने! या किनाऱ्याचा खरा पेच हा आहे. इथल्या घरांचा इतिहास म्हणजे या पेचाला शोधलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

पहिले उत्तर

वसई, पालघर आणि खाली कोकणभर जे जुने घर होते, त्याने हा पेच एका साध्या युक्तीने सोडवला. ऊन, पाऊस आणि माणूस यांच्यामध्ये एक सावलीची पट्टी आखली. पुढे ओटी, बाजूंना पडवी. छप्पर इतके खाली उतरलेले की उंच माणसाला आत शिरताना वाकावे लागे. त्या उतरत्या छपराने तिरपे ऊन आणि झड दोन्ही बाहेर थोपवली, पण वारा मात्र खालून मोकळा ठेवला. पागोळ्या अंगणात पडत, भिंतीवर नव्हे. आत माजघर काळोखे असे. आज आपण त्याला गैरसोय म्हणतो, पण भर दुपारी ते घरातील सर्वांत सुखाचे ठिकाण असे. वर माळा, छपराची उष्णता माळ्यावरच अडे आणि कौलांच्या फटींतून बाहेर जाई. कौल स्वतः हलके, त्यामुळे सूर्य मावळला की छप्परही लवकर निवे.

घराभोवती वाडी असे. केळी, पोफळी, नारळ यांच्या सावलीतून आणि विहिरीच्या काठावरून जो वारा घरात येई, तो तापलेल्या रस्त्यावरून आलेला नसे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, ती झाडे आणि पाणी वाचवण्यासाठी. त्या झाडांबरोबर आपल्या घरांचा गारवाही वाचत होता, हे तेव्हा आमच्याही फारसे ध्यानात आले नव्हते.

पोर्तुगीज १५३४ च्या तहाने वसईत आले आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे त्यांना वसई सोडावी लागली. ते ज्या देशातून आले तिथला उन्हाळा कोरडा. जाड दगडी भिंत ही त्यांची सवय होती, आणि वसईच्या किल्ल्यातील छप्पर गेलेल्या चर्चच्या भिंती आजही तिची साक्ष देतात. गोव्यात त्यांचा मुक्काम १९६१ पर्यंत राहिला. तिथल्या ख्रिस्ती घरांनी युरोपची खिडकी घेतली, पण दाराशी छपराखालचा बल्कांव ठेवला आणि त्यात दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे घातले. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवले, त्यांतून उजेड येतो पण डोळे दिपत नाहीत. परक्याची वास्तुकला किनाऱ्यावर टिकली ती ओटीशी सोयरीक करूनच.

इंग्रजांचेही तेच झाले. ‘बंगला’ हा शब्दच बंगालमधल्या झोपडीवरून आला. चहूबाजूंनी व्हरांडा आणि मधे खोल्या, ही रचना त्यांनी इथल्या घराकडून उचलली आणि जगभर नेली. एक लहानसा पण मोलाचा बदल मात्र मिशनऱ्यांच्या हातून झाला. स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट हे त्यामागचे प्रमुख नाव. यंत्रावर दाबून काढलेली, एकमेकांत अडकणारी ही सपाट कौले नळीच्या कौलांपेक्षा नीट बसत आणि त्यांची डागडुजीही कमी लागे. पश्चिम किनाऱ्यावर ती इतकी रुजली की पुढच्या पिढ्यांना मंगळुरी कौल हेच आपले जुने कौल वाटू लागले. नवे साहित्य आले, पण त्याने जुन्या घराचा विचार मोडला नाही, उलट बळकट केला. सुधारणा अशीही असू शकते.

ओटी का गेली?

इथे जुन्या घराची आरती ओवाळून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते घर सुखाचे होते तसे कष्टाचेही होते. दर वर्षी पावसाआधी शाकारणी, वाळवीने पोखरलेले वासे, मोडकी कौले, रात्री डोक्यावर धावणारे उंदीर. सागवानाचे भाव आवाक्याबाहेर गेले. भावाभावांत जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि एका घराच्या जागेवर चार संसार उभे करायचे तर वर चढण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. सिमेंट काँक्रीटने ती सोय दिली. स्लॅबचे घर गळत नाही, चोराला कौल काढून आत उतरता येत नाही, आणि चारचौघांत मानही मिळतो. हे सारे खरे आहे.

चूक झाली ती स्लॅब आणण्यात नव्हे. स्लॅबबरोबर ओटी टाकून देण्यात. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी, नेमका माणूस अंथरुणाकडे वळतो तेव्हा, ती उष्णता खाली सोडू लागतो. पुढे आलेले छप्पर गेले, त्यामुळे पश्चिमेची भिंत उघडी पडली. गॅलरी ठेवली तर ती ‘वाया गेलेली जागा’ म्हणून काचेने बंद झाली. मग उकडते म्हणून पंखा, पंखा पुरत नाही म्हणून यंत्र. एक पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, नव्या प्रकारचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण भाराने चालते तेव्हा दीड हजार वॅटच्या आसपास घेते. शिवाय ते आपल्या खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीकडे फेकते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात उपभोगाच्या घातक सवयींचे साधे उदाहरण म्हणून वातानुकूलनाच्या वाढत्या वापराचाच उल्लेख केला, तो आम्हांला प्रथम किरकोळ वाटला होता. आता तसा वाटत नाही.

दोन स्थपतींची वाट

काँक्रीटच्या युगातही ओटीचा विचार जिवंत ठेवणारी माणसे झाली. त्यांपैकी दोघांची आठवण इथे करणे आवश्यक आहे.

लॉरी बेकर यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. ते क्वेकर पंथाचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी चीनमध्ये रुग्णसेवा केली. परतीच्या वाटेवर जहाजाची वाट पाहत ते मुंबईत अडकले असता त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर जपला. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यासाठी भारतात आले, एलिझाबेथ या मलयाळी डॉक्टरांशी त्यांचा विवाह झाला, आणि हिमालयातील पिथोरागड भागात अनेक वर्षे राहून १९६० च्या दशकात हे दांपत्य केरळात उतरले.

केरळची हवा आपल्यासारखीच, पाऊस आपल्याहून लांबलेला. बेकर यांनी तिथली जुनी घरे बारकाईने पाहिली आणि त्यांचे शहाणपण गरिबाला परवडेल अशा विटांत उतरवले. विटा आडव्या न रचता उभ्या कडेवर रचून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवायची ‘रॅट-ट्रॅप’ रचना त्यांनी रूढ केली. त्यात सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णतेला अडवते. स्लॅबच्या खालच्या भागातील ताण काँक्रीट नव्हे तर लोखंडी सळ्या सोसतात. हे जाणून ते त्या भागात काँक्रीटऐवजी जुनी मंगळुरी कौले बसवीत. सिमेंट वाचे, वजन घटे आणि कौलांमधल्या हवेमुळे छत कमी तापे. बासेल मिशनचे कौल असे शंभर वर्षांनी काँक्रीटच्या पोटात जाऊन बसले! महागड्या खिडकीऐवजी विटांची जाळी हे तर त्यांचे खास लेणे. तिरुवनंतपुरम येथील ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’चा परिसर आणि लोयोला संस्थेचे चॅपेल, ही त्यांची १९७० च्या दशकातील कामे. चॅपेलच्या भिंतीतल्या जाळ्यांमधून उजेड आणि वारा एकदमच आत येतात. १९९० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथेच त्यांचे निधन झाले.

दुसरे चार्ल्स कोरिया. त्यांचे मूळ गोव्याचे, कर्मभूमी मुंबई. मुंबईच्या कंबाला हिल भागातील ‘कांचनजंगा’ ही २८ मजली इमारत १९८३ साली पूर्ण झाली. समुद्राचा वारा हवा तर घरे पश्चिमेला उघडावी लागतात, पण त्याच बाजूने ऊन आणि पाऊस येतो, हा आपला जुना पेच त्यांच्यापुढेही उभा होता. त्यांनी उत्तर शोधले ते जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची बागेसारखी गच्ची कोरून काढली आणि खोल्या तिच्या आड ठेवल्या. म्हणजे ओटीच त्यांनी आकाशात नेऊन बसवली. दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ तर आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. १९७७ साली पूर्ण झालेली त्याची आजची वास्तू कोरिया यांचीच. काही भाग अंगणासारखे आकाशाला उघडे, काही उंच निमुळत्या काँक्रीटच्या शिरांखाली. गरम हवा वर चढते आणि त्या शिरांमधून निघून जाते. तिथे मिस्सा ऐकताना आपण एका मोठ्या धुराड्याखाली बसलो आहोत, हे किती जणांच्या लक्षात आले असेल?

श्रीमंतांची उंच इमारत आणि गरिबांचे विटांचे घर यांत अंतर फार. पण दोघांनीही पहिला प्रश्न विचारला तो एकच, तो म्हणजे इथे वारा कुठून येतो आणि तो अडवल्याशिवाय ऊन-पाऊस कसे अडवता येतील.

सहावा हिस्सा

आता तर शास्त्रानेही आजींच्या बाजूने निकाल दिला आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तीत उष्ण व दमट हवेच्या प्रदेशात घराच्या उघडता येणाऱ्या भागांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा असावे, असे सांगितले होते. उष्ण व कोरड्या प्रदेशासाठी हेच प्रमाण दहा टक्के. किनारा आणि देश यांतला जो भेद आमच्या पूर्वजांनी अंगावरच्या घामावरून ओळखला, तोच इथे आकड्यांत आला.

वाचकांनी आपल्या घरी हा हिशेब करून पाहावा. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद असेल तर वीस चौरस फूट वाऱ्यासाठी उघडले पाहिजे. सरकत्या काचेची खिडकी कितीही मोठी दिसली तरी एका वेळी तिचा अर्धाच भाग उघडतो; जुनी दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते. एकाच भिंतीला खिडकी असेल तर वारा आत डोकावून परत जातो. समोरच्या भिंतीला वाट दिली तरच तो घरातून चालत जातो. घर बांधताना या गोष्टींना फारसा वेगळा पैसा लागत नाही. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवावी. पश्चिमेला जिना, न्हाणीघर किंवा रुंद ओटी द्यावी. खिडक्यांवर खोल छज्जे घ्यावेत. बांधून झालेल्या घराच्या गच्चीवर पांढरा चुना द्यावा किंवा मध्ये वाऱ्याला वाट ठेवून वर पत्र्याची अथवा कौलांची सावली घालावी. बेकर यांची जाळी आपल्याकडे नैऋत्येच्या झडीपुढे उघडी ठेवता येणार नाही, ती पुढे आलेल्या छपराखालीच हवी. म्हणजे पुन्हा ओटी आलीच.

आमची चूक

आता राहिलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या धर्मगुरूनिवासाचा पश्चिमेचा व्हरांडा सरकत्या काचांनी बंद करून घेतला. कबुतरे येत, धूळ येई, पावसात कागद भिजत. काम करणारा म्हातारा सुतार म्हणाला होता, “फादर, एवढी एक बाजू उघडी राहू द्या.” आम्ही हसून सोडून दिले. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारचे कार्यालय भट्टीसारखे तापू लागले आणि तिथे यंत्र बसवावे लागले. भेटायला येणारी माणसे पूर्वी व्हरांड्यातील बाकावर निवांत बसत, एकमेकांशी बोलत. ती आता बंद दाराबाहेर उभी राहू लागली. वारा अडला तिथेच येणेजाणेही अडले. ज्याने स्वतःच्या घराची ओटी बुजवली, त्याने आजींच्या मुलाला काय म्हणून बोल लावावा?

आजींच्या भेटीनंतर आम्ही त्या काचा काढून टाकल्या. कबुतरांसाठी तारेची जाळी लावली, तिरप्या उन्हासाठी बांबूच्या चटया सोडल्या, बाक पुन्हा जागेवर आणला. पावसात अजूनही कागद भिजतात. ते आम्ही आत नेऊन ठेवतो. यंत्र गेलेले नाही, पण बहुतेक दिवस ते बंदच असते.

त्या मुलाला आम्ही काही सांगितले नव्हते. जूनच्या पहिल्या शुक्रवारी गेलो तेव्हा त्याने खाली खांबांमधली एक मोटार रस्त्यालगत हलवली होती. फरशी धुऊन तिथे खाट टाकली होती, पश्चिमेला एक जुनी ताडपत्री उतरती बांधली होती. तीन मजल्यांच्या सावलीत, तिन्ही बाजूंनी वारा येत असलेली ती जागा. आजी तिथे उशाला टेकून बसल्या होत्या आणि शेजारच्या दोघीजणी त्यांच्याजवळ बोलत बसल्या होत्या. पवित्र कम्युनियन आम्ही त्यांना तिथेच दिले.